किती मोठं

एकतीस वर्षं एस.टी.च्या डेपोत पाट्या रंगवल्या.
सातारा–स्वारगेट. सातारा–बामणोली, मेढामार्गे.
वीतभर अक्षर, चार बोटं रुंद कुंचला,
स्टँडच्या त्या टोकाहून
पिशवी सावरत पळणाऱ्या बाईला वाचता आलं की झालं.
जवळून माझा 'म' कसा दिसतो
कुणी विचारलं नाही, मीही पाहिला नाही.

आता किल्ल्यावरची चित्रं रंगवतो.
दीड इंचाची, मातीची, शेकड्यावर मजुरी.
सिंहासन, घोडेस्वार दुसरीकडं जातात,
माझ्याकडं येतो पाणक्या, भाजीवाली,
बुरुजावरचा पहारेकरी,
आणि एक नुसताच बसलेला, झाडाखाली ठेवायचा.

औंदा पहिल्याच घाण्याला
पहारेकऱ्याचा डोळा गालावर उतरला.
सून म्हणाली, मामा, हा रडतोय का?

मोती चौकात मोमीन चष्मेवाला.
म्हटलं, दीडशेवाला जाड चष्मा दे.
तो म्हणाला, बसा.
आणि विचारलं,
किती मोठं दिसायला हवंय?

असं कधी मोजलं नव्हतं.

आधी टेबलाला चिमट्यानं बसणारं, ताटलीएवढं,
भोवती दिव्याचं कडं.
मधून बघितलं तर ठीक,
कडेनं भाजीवाली भाकरीसारखी फुगायची,
ओल्या रंगावर तो पांढरा गोल चमकायचा,
आणि लाईट गेली की नुसतीच काच.

मग घड्याळजीचं, खोबणीत दाबून धरायचं. दहापट.
ब्रशचा केस सुंभ झाला.
पण दुसरा डोळा मिटला की खोली जाते,
टेकला म्हणावं तर ब्रश हवेत,
हवेत म्हणावं तर मिशीचा भुंगा झालेला.
शिवाय इतकं जवळ यावं लागतं
की ब्रशचं बूड काचेवर आपटतं.
मोमीन म्हणाला, मोठं पाहिजे तर जवळ जा,
जवळ गेलात की बाकीचं सुटलं.
दोन्ही कुणालाच मिळत नाही, काका.

काढता काढता पाणक्या उलटा झाला.
त्याच्या पाठीवर अंगठा.
साच्यातून काढताना दाबलेला,
रेघ न् रेघ, चक्र, मधोमध एक जुना काप.
गोडोलीच्या तानूबाईचाच असणार, माती तिची.
रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही,
तीन महिने हेलपाटे घालतेय.
आणि इथं हा, पखालीखाली, स्वच्छ.

शेवटी कपाळावर बांधायची पट्टी घेतली. अडीचपट.
दोन्ही डोळे उघडे, हात वीतभर लांब,
चहा आला की काच वर ढकलायची.
नातू म्हणतो, आजोबा वेल्डिंगला निघाले.
अडीचपटीत डोळ्यातला ठिपका जागेवर बसतो.
अंगठा दिसत नाही.
तो आहे हे माहीत असल्यानं
पाठीला रंग पातळ करून लावतो,
जाड लावला तर रेघा बुजतात.

चार दिवसांनी परत मोमीनकडं गेलो.
दहापटीचं संध्याकाळपर्यंत देतोस का?
त्यानं कागदात गुंडाळून दिलं,
कशाला, विचारलं नाही.

तानूबाई चाकापाशी नव्हती, साचे धूत होती.
ओल्या हातानंच भिंग धरलं,
आधी उलट्या बाजूनं, मग सुलट.
बराच वेळ पाणक्याची पाठ बघितली.
म्हणाली, ह्यो माझा न्हाई.
थोरल्या सुनंचा आसंल, ती बी बसती साच्यावर.
माझ्या अंगठ्याला कुठं रेघा ऱ्हायल्यात?
आणि भिंग परत दिलं.

पोवई नाक्यापर्यंत धोतराच्या सोग्यानं पुसत आलो.
तरी काचेवर एक मातकट ठसा राहिलाच.
त्याला रेघा होत्या का
हे बघायला
दुसरं भिंग लागलं असतं.